धावलेली गाडी घ्या, उभी राहिलेली नको

जुन्या मोटरसायकलींच्या बाजारात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती चालली आहे?" विकणाऱ्यालाही तो पाठ असतो, म्हणून जाहिरातीत किलोमीटरचा आकडाच सगळ्यात ठळक छापलेला दिसतो. लांबच्या प्रवासासाठी स्पोर्ट टूरर शोधत असाल, तर या आकड्याला इतकं महत्त्व देऊ नका. एक गाडी पाच वर्षांत चाळीस हजार किलोमीटर धावलेली आहे, तिचं ऑइल वेळच्या वेळी बदललेलं आहे आणि बिलांची फाइल जागेवर आहे. दुसरी पाच वर्षांत जेमतेम सहा हजार किलोमीटर फिरली आणि उरलेला काळ इमारतीच्या पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहिली. दोघींचा भाव सारखा असेल, तर मी डोळे झाकून पहिलीकडे जाईन.

याचं कारण यंत्राच्या स्वभावात आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे पाणी टाकीच्या तळाशी बसतं, पत्रा आतून गंजू लागतो आणि जुन्या पेट्रोलचा चिकट थर इंजेक्टरपर्यंत पोचतो. ब्रेक ऑइलही ओलावा धरतं, म्हणूनच गाडी चालो न चालो, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. फोर्कच्या सीलचं रबर कोरडं पडतं. टायर एकाच जागी दबून राहतात, त्यांच्या कडांना बारीक भेगा पडतात. बॅटरी मरते. शिवाय आपल्या पार्किंगमधले उंदीर सीटखालच्या वायरिंगवर ताव मारतात, हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. सतत धावणाऱ्या गाडीचा मालक यातल्या बहुतेक गोष्टी गरजेपोटी बदलत गेलेला असतो. उभ्या गाडीतल्या या सगळ्या गोष्टी तुमच्या पैशांनी बदलायच्या राहिलेल्या असतात.

अर्थात प्रत्येक चाळीस हजार सारखे नसतात. पुण्याच्या सिग्नलांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत काढलेले चाळीस हजार वेगळे आणि सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यावर एका लयीत काढलेले वेगळे. मालक कुठे राहतो, कामावर कशाने जातो, गाडी कधी बाहेर काढतो, हे गप्पांच्या ओघात विचारा. चौकशीला आलोय असा आव न आणता विचारलंत, तर लोक मनापासून सांगतात. टूरिंग करणारा माणूस आपल्या प्रवासाबद्दल बोलताना थांबत नाही, आणि त्या बोलण्यातूनच गाडीचा खरा इतिहास कळतो.

आधी आपला रस्ता बघा

गाडी बघायला जाण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : वर्षभरात तुम्ही खरोखर कुठे जाणार आहात? लडाखचं स्वप्न जरूर ठेवा, पण गाडीची निवड नेहमीच्या रस्त्यावर करा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, समृद्धी महामार्गावरही आहे. म्हणजे तुमच्या वाट्याला येणार ते जुना मुंबई-पुणे रस्ता, बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८, गोव्याकडे उतरणारा ६६ आणि त्यांना जोडणारे ताम्हिणी, आंबा, आंबोली, कुंभार्ली असे घाट. चौपदरी महामार्गावरही केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुचाकीची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. या रस्त्यांवर गाडीची शंभराच्या वरची ताकद फारशी कामी येत नाही. कामी येतं ते तीन-चार हजार आरपीएमला मिळणारं खेचण्याचं बळ, घाटातल्या वळणावर भरवशाने लागणारा ब्रेक, खड्ड्यात कंबर न मोडणारं सस्पेन्शन आणि पाच तासांनंतरही मनगटं न दुखवणारी बसण्याची ढब.

स्पोर्ट टूरर या प्रकाराचं सारही हेच. वारा छातीवरून वळवणारं फेअरिंग किंवा काच, किंचित पुढे झुकलेली पण ताठर नसलेली बैठक, डांबरी रस्त्यासाठीची सतरा इंची चाकं आणि सामानासकट मागे बसणाऱ्याला नीट जागा. आपल्याकडे या वळणाच्या गाड्या बऱ्याच वर्षांपासून आहेत. हिरो होंडाची करिझ्मा २००३ ची, २२३ सीसी इंजिनाची. होंडाची सीबीआर २५०आर २०११ मध्ये आली. चाकणला बनणारी बजाजची डॉमिनार ४०० ही २०१६ च्या अखेरीस आली. तिचं ३७३ सीसी इंजिन आधी ३५ पीएसचं होतं, २०१९ मध्ये ४० पीएसचं झालं आणि पुढचे फोर्कही बदलले. कावासाकीच्या ६४९ सीसी दोन सिलिंडरच्या घराण्यात निन्जा ६५० आणि व्हर्सिस ६५० या दोन बहिणी आहेत. इंजिनाची जात एकच, पण निन्जाची सीट ७९० मिलिमीटर उंचीवर आणि टाकी १५ लिटरची, तर व्हर्सिस चांगलीच उंच आणि तिची टाकी २१ लिटरची. व्हर्सिस बसायला उंट वाटते, पण सकाळी मुंबईहून निघून रत्नागिरीपर्यंत पेट्रोलची चिंता करावी लागत नाही.

एकट्याने, थोड्या सामानासह फिरणाऱ्याला तीनशे-चारशे सीसीचं एक सिलिंडर पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मागे कायम कोणीतरी बसणार असेल आणि दोन्ही बाजूंना सामान लटकणार असेल, तर ६५० चं दोन सिलिंडरचं इंजिन जी निश्चिंती देतं तिचं मोल मोठं. त्यापुढच्या हजार सीसीच्या चार सिलिंडरच्या गाड्या देखण्या आहेत, सव्वादोनशे किलोहून जड आहेत आणि शहरातल्या गर्दीत मांड्या भाजतात. अशी गाडी घेण्याआधी आपल्या सोसायटीच्या उतारावर ती एकट्याने मागे ढकलता येईल का, एवढं करून बघा. बंद गाडी ढकलता आली नाही तर ती हळूहळू पार्किंगमध्येच राहू लागते.

एक अट मात्र कुठल्याही गाडीला लावा : एबीएस हवंच. १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांमध्ये एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही आवृत्त्या विकल्या गेल्या. सीबीआर २५०आर आणि सुरुवातीची डॉमिनार दोन्ही तशाच. मॉडेलच्या नावावर विसंबू नका, पुढच्या चाकाच्या डिस्कजवळ सेन्सरची दातेरी रिंग आणि त्याची वायर दिसते का ते बघा. पावसाळ्यात आंबोलीचा शेवाळलेला उतार उतरताना या रिंगची किंमत कळते.

थंड इंजिनाशी पहिली ओळख

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. शक्यतो सकाळी जा. पोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनाच्या आवरणाला हात लावा. गरम लागलं, तर मालकाने ती आधीच सुरू करून ठेवली आहे. कदाचित सहज केलं असेल, पण थंड इंजिन सुरू होताना जे काही त्रास देतं ते तुमच्यापासून लपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची तयारी ठेवा. थंड इंजिनाने एक-दोन सेकंदांत पकड घेतली पाहिजे. सुरुवातीचा निळसर धूर, टकटक आवाज जो मिनिटभरानंतरही जात नाही, चढ-उतार करणारं आयडलिंग, यातलं काहीही दिसलं की आपल्या फिटरचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाडी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण किंवा कूलंटची बाटली बघा. गरम इंजिनावर झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी अंगावर येतं. कूलंटला त्याचा मूळ रंग हवा. तपकिरी, गढूळ पाणी म्हणजे कोणीतरी नळाचं पाणी भरून वेळ मारून नेली आहे. ऑइलच्या काचेत दुधाळ चहासारखं काही दिसलं, तर पाणी इंजिनात शिरतंय, तिथून सरळ निघा. टाकीत टॉर्च मारून आतला पत्रा बघा.

मग गाडी उभी सुरू ठेवा आणि तिला तापू द्या. ही परीक्षा बहुतेक लोक घेत नाहीत, कारण दहा मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. तापमानाचा काटा किंवा पट्टी वर जाते, मग रेडिएटरचा पंखा आपोआप फिरू लागतो, तापमान खाली येतं आणि पंखा थांबतो. हे चक्र एकदा पूर्ण होताना पाहिलंत म्हणजे थर्मोस्टॅट, पंखा, सेन्सर आणि पाण्याचा पंप या चौघांची एकदम तपासणी झाली. वाशीच्या किंवा चांदणी चौकाच्या कोंडीत हीच मंडळी तुम्हाला तारणार आहेत. तेवढ्या वेळात स्वस्तातला मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चार-पाच हजार आरपीएमला चौदाच्या आसपास आकडा हवा. तो तेराच्या खाली राहिला किंवा पंधराच्या वर गेला, तर स्टेटर किंवा रेग्युलेटर बिघडलेला आहे. आयात भागांच्या गाडीत हे काम महाग पडतं आणि भागाची वाट बघण्यात आठवडे जातात.

पडलेली गाडी कशी ओळखायची

गाडी पडणं हा गुन्हा नाही. उभी असताना स्टँडवरून आडवी झालेली गाडी वेगळी आणि ताशी सत्तरने घसरलेली वेगळी. तुम्हाला या दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

हँडलच्या टोकांचे वजनी बार, ब्रेक आणि क्लच लिव्हरची टोकं, फूटरेस्टचे कोपरे, सायलेन्सरची बाहेरची बाजू आणि इंजिनाचं खालचं कव्हर, गाडी जमिनीवर गेली की आधी हेच घासतं. एकाच बाजूला सगळीकडे सारखे ओरखडे असतील तर ती त्या बाजूला सरपटली आहे. या वस्तू फक्त एकाच बाजूला नव्याकोऱ्या असतील तर संशय आणखी घ्या. फेअरिंग नवं दिसत असेल तर ते धरणाऱ्या आतल्या प्लॅस्टिकच्या कानांकडे टॉर्च लावून बघा. बाहेरून रंग मारता येतो, पण आतले तुटून चिकटवलेले कान लपत नाहीत. फेअरिंगचे स्क्रू जागेवर आहेत का, एकाच जातीचे आहेत का, हेही बघा. अशा गाडीत फेअरिंग स्वस्त नसतं. एका बाजूचा पूर्ण संच बदलायचा म्हटलं तर भाव ऐकून अनेक जण हात मागे घेतात.

आता हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. दोन्ही टोकांना ते जिथे अडतं, तिथे चासीला एक लहानसा धातूचा उंचवटा असतो. मोठ्या धडकेत हँडल त्यावर जोरात आदळतं. तो उंचवटा चेपलेला, तुटलेला, वेल्डिंग केलेला किंवा आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळ्या रंगाने झाकलेला असेल, तर गोष्ट तिथेच संपते. भाव कितीही उतरवला तरी वाकलेल्या चासीची गाडी घ्यायची नाही. यात मी कधीच तडजोड सुचवणार नाही.

त्याच जागी आणखी एक गोष्ट तपासता येते. बहुतेक स्पोर्ट टूररना मधला स्टँड नसतो, त्यामुळे सोबत एक माणूस न्या. तो गाडी साइड स्टँडवर झुकवून पुढचं चाक हवेत धरेल, तेव्हा तुम्ही हँडल एका बोटाने सावकाश वळवा. ते अगदी मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखं क्षणभर अडलं, तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. खर्च फार मोठा नाही, पण त्यावरून मालकाने गाडी खड्ड्यांतून कशी हाणली ते कळतं.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा. तेलाची ओलसर कडी दिसली तर सील बदलायचं आहे. गंजाचे बारीक ठिपके असतील तर नवं सीलही लवकरच फाटेल. कोकणात समुद्राजवळ राहिलेल्या गाड्यांवर हे ठिपके अधिक दिसतात. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, कॅलिपरने मोजून ताडून बघा. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन बोटाने बाहेर ओढा. दात उघडे पडू लागले किंवा दात वाघनखासारखे एका बाजूला वाकलेले असले, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागतील. टायरच्या बाजूवर चार अंकी शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर पावसात घाटात वापरू नका. ६५० ला मागचा १६०/६० चा टायर लागतो, दोन्ही टायरांचा खर्च आधी विचारून ठेवा.

पुराच्या गाड्यांचा विषय वेगळा सांगतो, कारण फसवणूक इथे जास्त होते. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, २०२१ चा चिपळूणचा, यात हजारो गाड्या बुडाल्या. अशा गाड्या विमा कंपनीने निकाली काढल्यावर लिलावातून स्वच्छ होऊन पुन्हा बाजारात येऊ शकतात. त्या ओळखायच्या असतील तर सीट काढा. सीटखालच्या कोपऱ्यात वाळलेली बारीक माती, हेडलाइटच्या काचेच्या आत पाण्याची रेघ, वायरींच्या जोडणीत हिरवट गंज, सीटच्या कुलपाचा आतून लाल झालेला खटका, या जागा धुताना कोणाचा हात पोचत नाही.

टूरिंगने ठेवलेले व्रण

टूरिंगला वापरलेल्या गाडीचं दुखणं शहरातल्या गाडीहून वेगळं असतं आणि त्याकडे ग्राहक क्वचितच बघतो. मागच्या बाजूला सामानाचा सांगाडा लावलेला असेल, तर त्याचं वजन सबफ्रेमवर म्हणजे सीटखालच्या मागच्या सांगाड्यावर येतं. दोन पेट्या, वर एक पेटी, त्यात तंबू नि पेट्रोलचा डबा, आणि खाली स्पितीचे दगडी रस्ते, असं महिनाभर चाललं की जिथे सांगाडा बोल्टने जोडलाय तिथल्या वेल्डिंगला केसाएवढा तडा जाऊ शकतो. बोल्टच्या भोवताली रंग फुगलेला किंवा गंजाची बारीक रेघ दिसली तर बोटाने नव्हे, नखाने तपासा. नख अडकतं तिथे तडा आहे.

दुसरं दुखणं वायरिंगचं. धुक्याचे दिवे, मोबाइलचा चार्जर, मोठा हॉर्न, हीटेड ग्रिप, प्रत्येक टूरवाला काही ना काही जोडतो. जोडताना रिले आणि फ्यूज वापरून वेगळी नीट वायर ओढली असेल तर काहीच हरकत नाही, उलट ती तुमची सोय. पण मूळ वायर सोलून, पीळ देऊन, काळ्या टेपने गुंडाळलेली असेल, तर भर पावसात कशेडी घाटात एखाद्या रात्री सगळे दिवे एकदम जाऊ शकतात. सीट आणि शक्य असेल तर पुढचं फेअरिंग उघडून वायरिंग बघा. मालक उघडू देत नसेल तर तेही उत्तरच आहे.

सायलेन्सर बदललेला असेल तर मूळ सायलेन्सर मागा आणि तो हातात पडेपर्यंत व्यवहार करू नका. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलीस काढून घेतात, दंड वेगळा, आणि उत्प्रेरक काढून टाकलेल्या गाडीची पीयूसी चाचणीही अडचणीत येते.

चालवून बघताना

आपल्यासोबत मागे बसणारी व्यक्ती घेऊन जा. घरातल्या माणसाची पाठ, गुडघे आणि मत हे या खरेदीत तुमच्याइतकंच मोजायचं. पेठेतल्या गल्लीत पाच मिनिटं फिरवून काही कळत नाही. परवाना, कागदपत्रं आणि मालकाची परवानगी असेल तर किमान अर्धा-पाऊण तास, महामार्ग आणि थोडा चढ-उतार मिळेल असा रस्ता निवडा.

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी हलू लागल्यावर विझला पाहिजे. तो मुळातच लागत नसेल, तर कोणी तो काढून टाकलाय का याचा विचार करा. रिकाम्या धुळीच्या पट्ट्यावर कमी वेगात मागचा ब्रेक दाबा, पायाखाली धडधड जाणवली म्हणजे एबीएस काम करतंय. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून थ्रॉटल झटकन उघडा. आरपीएम वाढतोय पण गाडी तेवढी पळत नाही, तर क्लच प्लेट घसरताहेत. दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावताना गिअर सुटून न्यूट्रलला गेला, तर ते इंजिन उघडण्याचं काम आहे. सपाट, सरळ रस्त्यावर ताशी पन्नासला हँडलवरची पकड सैल करून बघा, हात सोडू नका. गाडी सातत्याने एका बाजूला खेचत असेल तर चासी, फोर्क किंवा चाकाची रांग बिघडली आहे. ब्रेक लावल्यावर लिव्हर हाताला ढकलत असेल तर डिस्क वाकडी आहे.

किलोमीटरचा आकडा डिजिटल असला तरी फिरवता येतो. सर्व्हिसच्या बिलांवर तारखेसोबत किलोमीटर लिहिलेले असतात. ते क्रमाने वाढत आजच्या आकड्यापर्यंत येतात का पाहा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मालकासमोर नोंदी विचारा. फूटरेस्टचं रबर आणि गिअर लिव्हरची नक्षीही बरंच बोलून जाते. व्हॉल्व्ह क्लिअरन्सचं काम कितव्या किलोमीटरला करायचं हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते झालंय का हे विचारा आणि बिल मागा. मोठ्या गाड्यांत फेअरिंग आणि टाकी उतरवून हे काम करावं लागतं, म्हणून मजुरी जास्त होते, आणि ते काम येण्याच्या जरा आधी अनेक जण गाडी विकायला काढतात.

कागद, भाव आणि ताबा

चासी नंबर हँडलच्या मुळाशी आणि इंजिन नंबर इंजिनाच्या कवचावर असतो. दोन्ही आरसी बुकाशी अंक न अंक जुळवा. कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतलात तर घासलेले, पुन्हा ठोकलेले अंक लगेच उघडे पडतात, आणि हस्तांतरणाला ती छाप लागतेच. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर क्रमांक टाकून मालकाचं नाव, विमा, पीयूसी आणि बोजा तपासा. कर्ज फिटलं असेल तरी अनेकदा बँकेचा बोजा उतरवलेला नसतो, त्यासाठी बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर थकीत दंड बघा आणि तो विकणाऱ्याकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का, तेही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन महिनोन्‌महिने तसंच फिरणं, म्हणजे ज्याला बाजारात 'टीटीवर गाडी चालवणं' म्हणतात, ते करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, अपघाताच्या भरपाईत आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक. विकणाऱ्याला हे सांगितलंत तर तोही हस्तांतरणाची घाई करेल. विमा आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तो तुम्हाला मिळत नाही, म्हणून विम्याच्या हप्त्याचा हिशेब नव्याने करा. २०२२ च्या दरांनुसार १५० ते ३५० सीसी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला १३६६ रुपये आणि त्यावरच्या इंजिनाचा २८०४ रुपये, जीएसटी वेगळा.

दिल्ली किंवा कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त दिसते. तिला मूळ आरटीओची एनओसी लागते, इथे पुन्हा नोंदणी आणि इथला रस्ता कर भरावा लागतो, आणि तिथला कर परत मिळवायला खेटे घालावे लागतात. हे सगळं धरून तुलना करा. डीलरकडून घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का विचारा, १ एप्रिल २०२३ पासून ही पद्धत लागू झाली आहे.

भाव ठरवण्याआधी त्याच गाडीच्या आजच्या नव्या ऑन-रोड किमतीची खात्री करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांना ४० टक्के लागू झाला. त्यामुळे लहान इंजिनाच्या जुन्या गाडीला कोणी त्याआधीचा भाव सांगत असेल तर तो आज टिकत नाही, आणि मोठ्या इंजिनाच्या चांगल्या गाडीचा मालक थोडा अडून बसला तर त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पाहताना सापडलेल्या प्रत्येक कामाची, टायर, चेन सेट, फोर्क सील, बॅटरी, बिलासारखी यादी करा आणि सर्व्हिस सेंटरचे भाव लावून तीच समोर ठेवा. नुसत्या घासाघिशीपेक्षा याने भाव लवकर खाली येतो आणि कोणाचा अपमानही होत नाही. ठरलेल्या बजेटातला पाचवा-सहावा हिस्सा मात्र गाडीवर न घालता बाजूला ठेवा. ती रक्कम पहिल्याच महिन्यात लागणार आहे.

पैसे बँकेतूनच द्या. ताब्याच्या पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, कारण त्या दिवशीचं चलान कोणाच्या माथी, हे त्या वेळेवरून ठरतं. दोन्ही चाव्या, हत्यारांची पिशवी आणि मूळ पुस्तक मागून घ्या.

गाडी घरी आली की आधीच्या मालकाने कितीही खात्री दिली तरी इंजिन ऑइल, फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल एकदा बदला. चेन धुऊन ताण पुस्तकाप्रमाणे लावा. पहिल्या रविवारी घरापासून शंभरेक किलोमीटरच्या परिघात फिरून या, परत आल्यावर सांगाड्याचे आणि फेअरिंगचे बोल्ट पुन्हा आवळा, गाडीखालची फरशी सकाळी कोरडी आहे का पाहा. मग गोव्याचं बुकिंग करा.